पी बरोबर ०.०६९८ : ‘फसलेली’ चाचणी वाचायची कशी?

मागच्या वेळी आपण पेपरचा ॲबस्ट्रॅक्ट कसा वाचायचा ते पाहिलं होतं. आज एक अख्खा पेपर घेऊया. आधी एक कबुली देते, कारण या पेपरने मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं आहे.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना जर्नल क्लबमध्ये मी हा पेपर मांडला होता. वीस मिनिटं, बारा स्लाइड्स. शेवटच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘निष्कर्ष : औषध निष्फळ.’ मॅडमनी विचारलं, “हे वाक्य पेपरमध्ये कुठल्या पानावर आहे?” मी म्हणाले, “मॅडम, पी-व्हॅल्यू ०.०५ च्या वर आहे.” त्या म्हणाल्या, “ते मला दिसतंय. मी वाक्याबद्दल विचारतेय.” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्याहून वाईट गोष्ट आधीच घडून गेली होती. माझ्या मावशीला मायस्थेनिया ग्रॅव्हिस आहे. त्रास वाढला की तिला दवाखान्यात पाच-पाच दिवस आयव्हीआयजीचं सलाईन लावतात. तिने कुठंतरी नव्या ‘सलाईनच्या औषधाबद्दल’ ऐकलं आणि मला फोन केला, “तू शिकतेस ना त्यातलंच, ते लागू पडतं का गं?” मी सहज म्हणून गेले, “ते फेल गेलंय, मावशी.” तिने परत कधी विचारलं नाही.

मी तिला खोटं सांगितलं होतं. मुद्दाम नाही. पेपर अर्धवट वाचून. म्हणून आज हा पेपर नीट वाचूया.

आधी आजार, थोडक्यात

नस स्नायूला निरोप देते तेव्हा नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं आणि स्नायूवरच्या रिसेप्टरला चिकटतं. मायस्थेनियाच्या बहुतेक रुग्णांत शरीराची स्वतःचीच अँटिबॉडी या रिसेप्टरवर जाऊन बसते. निरोप पोचत नाही, स्नायू लवकर थकतो. पापणी खाली येते, एकाचे दोन दिसतात, घास चावता चावता जबडा दमतो. सगळ्यात भीती श्वासाच्या स्नायूंची.

अँटिबॉडी तीन प्रकारे नुकसान करते. ती रिसेप्टरची जागा अडवते, रिसेप्टर पेशीच्या आत ओढले जाऊन नष्ट होतात, आणि तिसरं म्हणजे ती कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रथिनांच्या साखळीला हाक मारते. या साखळीतलं सी-५ हे प्रथिन तुटलं की पुढे पेशीच्या पडद्याला भोकं पाडणारी रचना तयार होते, आणि स्नायूचा तो नाजूक, घड्यांचा पृष्ठभाग उद्ध्वस्त होतो. माझं पीएचडीचं काम याच साखळीवर आहे, त्यामुळे इथं मी तासभर बोलू शकते. पण आवरते.

एक्युलिझुमॅब ही प्रयोगशाळेत बनवलेली अँटिबॉडी सी-५ ला धरून ठेवते आणि तुटू देत नाही. ती शिरेतून, सलाईनमधूनच द्यावी लागते. पहिल्या दिवशी आणि पुढचे तीन आठवडे दर आठवड्याला ९०० मिलिग्रॅम, चौथ्या आठवड्यात १२०० आणि मग दर दोन आठवड्यांनी १२००. एक धोका मात्र पक्का लक्षात ठेवा. मेनिंगोकॉकस जिवाणूला मारण्यासाठी शरीराला हीच साखळी लागते. म्हणून औषध घेणाऱ्याला त्याविरुद्धची लस घ्यावीच लागते.

पेपर काय आहे?

चाचणीचं नाव रिगेन. जेम्स हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’मध्ये छापली. १७ देश, १२५ रुग्ण. ६२ जणांना एक्युलिझुमॅब, ६३ जणांना प्लासिबो, कुणाला काय मिळतंय ते रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. कालावधी २६ आठवडे. खर्च औषध बनवणाऱ्या ॲलेक्सियन कंपनीचा.

रुग्ण साधे नव्हते. रिसेप्टरविरुद्धची अँटिबॉडी असलेले, आणि रोगप्रतिकारशक्ती दाबणारी किमान दोन औषधं घेऊनही, किंवा एक औषध आणि सोबत वारंवार आयव्हीआयजी अथवा प्लाझ्मा एक्स्चेंज घेऊनही आजार आटोक्यात न आलेले. म्हणजे दारं ठोठावून थकलेली माणसं. १२५ हा आकडा लहान वाटतो ना? दुर्मिळ आजारात, त्यातही अशा निवडक रुग्णांत, इतके जमवणं हेच मोठं काम आहे. ते श्रेय आधी देऊन टाकूया.

मोजमापाची मुख्य पट्टी होती एमजी-एडीएल. आठ प्रश्न : बोलणं, चावणं, गिळणं, श्वास, दात घासणं किंवा केस विंचरणं, खुर्चीतून उठणं, दुहेरी दिसणं, पापणी पडणं. प्रत्येकाला ० ते ३, एकूण २४. जितके जास्त गुण, तितका त्रास जास्त. ही पट्टी मला मनापासून आवडते. मावशीला विचारायला गेलं तर ती हेच सांगेल, केस विंचरता आले का आणि भाकरी चावता आली का.

निकाल

आता हे आकडे शेजारी शेजारी ठेवा.

• प्राथमिक एंडपॉइंट, म्हणजे आधीच ठरवलेला मुख्य निकष : एमजी-एडीएलमधला बदल, ‘वर्स्ट-रँक’ पद्धतीने. पी = ०.०६९८.
• तीच पट्टी, तेच रुग्ण, पण वेळोवेळी घेतलेल्या गुणांच्या सरासरी बदलाने : औषधगटात ४.२ गुणांची घट, प्लासिबोत २.३ ची. पी = ०.००५८.
• डॉक्टरने स्नायूंची ताकद मोजून काढलेला क्यूएमजी स्कोअर, वर्स्ट-रँकनेच : पी = ०.०१२९.
• एमजी कॉम्पोझिट ही तिसरी पट्टी, वर्स्ट-रँकनेच : पी = ०.१०२६.
• आजार अचानक बळावणं : औषधगटात ६ जण, प्लासिबोत १५.
• तातडीचे ‘रेस्क्यू’ उपचार लागणं : ६ विरुद्ध १२.

माझ्या त्या स्लाइडवर यातली फक्त पहिली ओळ होती. आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने याच आजारासाठी हे औषध मंजूर केलं, ते का, असं विचारल्यावर मी म्हटलं होतं, “कंपनीचं वजन.” आळशी उत्तर. पेपर न वाचता संशय घेणं आणि पेपर न वाचता विश्वास ठेवणं, दोन्हीला सारखेच कष्ट लागतात : शून्य.

एकाच पट्टीचे दोन निकाल कसे?

लेखाचा गाभा इथं आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

वर्स्ट-रँकमध्ये गुण तसेच वापरत नाहीत. सगळ्या १२५ जणांना रांगेत उभं करतात. सर्वात जास्त सुधारलेला पहिला. ज्यांचा मृत्यू झाला, ज्यांना रेस्क्यू उपचार लागले किंवा जे मधूनच अभ्यास सोडून गेले, त्यांना रांगेच्या शेवटी पाठवतात, मग त्यांचे गुण काहीही असोत. मग दोन्ही गटांच्या सरासरी क्रमांकांची तुलना. रिगेनमध्ये औषधगटाचा सरासरी क्रमांक ५६.६, प्लासिबोचा ६८.३. फरक ११.७. त्याचा ९५ टक्के विश्वास-पट्टा −२४.३ ते ०.९६. शून्याला जेमतेम शिवून गेला.

आता एक काल्पनिक रुग्ण घ्या. औषध सुरू झालं, गुण १० वरून ३ वर आले. विसाव्या आठवड्यात मायस्थेनियाशी संबंध नसलेलं दुसरंच दुखणं निघालं आणि त्याला चाचणी सोडावी लागली. सरासरीच्या हिशेबात त्याचे वीस आठवडे जमेला धरले जातात. रांगेच्या हिशेबात तो दहाव्या जागेवरून थेट एकशेविसाव्या जागी जातो.

याने किती फरक पडतो? पाटीवरचा हिशेब करू. ११० जागांची घसरण भागिले ६२ रुग्ण, म्हणजे साधारण १.८. मधले लोक एकेक जागा वर सरकतात, ते दोन्ही गटांत जवळपास सारखे वाटलेले असतात, म्हणून गटांमधल्या फरकावर एकूण परिणामही १.८ च्या आसपासच राहतो. आणि पट्टा शून्यापासून सुटायला किती हवं होतं? सुमारे १. म्हणजे रांगेच्या टोकापासून टोकापर्यंत गेलेला एक माणूस या चाचणीला ‘फसली’वरून ‘यशस्वी’वर नेऊ शकतो. (हा ढोबळ हिशेब आहे, मूळ विश्लेषणातल्या इतर दुरुस्त्या यात नाहीत. पण अंदाज यायला पुरेसा.)

सोडून जाणाऱ्यांची संख्याही दोन्ही गटांत सारखी नव्हती. १२५ पैकी ११८ जणांनी २६ आठवडे पूर्ण केले, आणि गळालेल्यांत औषधगटातले जास्त होते.

तेव्हा ०.०६९८ हा आकडा ‘औषध निष्फळ’ असं म्हणत नाही. तो एवढंच म्हणतो की या नियमाने रांग लावली तर दिसलेला फरक योगायोगाने पडला असण्याची शक्यता आम्ही आधी ठरवलेल्या मर्यादेत बाद करता आली नाही. पुरावा पुरेसा नसणं आणि परिणाम नसल्याचा पुरावा असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वहीत लिहून ठेवा. व्हायव्हाला विचारतात, आणि आयुष्यातही.

मग दोष पद्धतीचा?

पेपरचे लेखक शेवटी साधारण हेच म्हणतात : वर्स्ट-रँक पद्धत ही या अभ्यासाची महत्त्वाची मर्यादा ठरली, कारण बाकीची विश्लेषणं मुख्य निकालाशी जुळत नाहीत. इथं माझं लेखकांशी भांडण आहे.

पहिली गोष्ट, हा नियम त्यांनीच निवडला होता, निकाल दिसण्याआधी. नियम आधी लिहून ठेवण्याला अर्थ यामुळेच असतो की निकाल मनाविरुद्ध गेला तरी तो बांधून ठेवतो. क्रिकेटमध्ये बाद झाल्यावर “पिच खराब होतं” म्हणता येतं, आणि पिच खरंच खराब असूही शकतं. पण धावफलक बदलत नाही. मुख्य निकष हुकला की त्याखालच्या पी-व्हॅल्यूंचं वजन औपचारिकदृष्ट्या कमी होतं. मग ०.००५८ कितीही देखणा असो, तो ‘सिद्ध झालं’ म्हणत नाही, ‘इथं काहीतरी आहे, पाहा’ म्हणतो. आणि लक्षात घ्या, एमजी कॉम्पोझिटवरही वर्स्ट-रँकने फरक निसटलेलाच आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वर्स्ट-रँक ही वेडगळ पद्धत नाही. तिचा प्रश्न वेगळा आहे. ती विचारते, ‘ज्या माणसाने हे औषध सुरू केलं, त्याचं सहा महिन्यांनी एकूण कसं झालं?’ आणि या प्रश्नात औषध सोडावं लागणं हे अपयशच आहे. ज्याला औषध थांबवावं लागलं त्याला पुढे त्याचा उपयोग नाही, कारण कुठलंही असो. याउलट सरासरीची पद्धत गृहीत धरते की गळालेले लोक थांबले असते तर त्यांच्यासारख्या इतरांप्रमाणेच चालत राहिले असते. हेही गृहीतकच. ते उदार आहे, हे कडक आहे. दोन्हींपैकी एकही तटस्थ नाही.

म्हणजे खरी उणीव पद्धतीत नव्हती. प्रश्न नेमका कुठला, हे ठरवण्यात ती होती. मायस्थेनियामुळे सोडून जाणं आणि दुसऱ्याच कारणाने जाणं यांना एकाच टोपलीत टाकायचं का, हा निर्णय जीवशास्त्राचा आणि रुग्णाचा आहे, सॉफ्टवेअरचा नाही. २०१९ साली आयसीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेने ई-९ मार्गदर्शिकेला जी पुरवणी जोडली, तिचा सूर हाच आहे : चाचणीच्या मधे घडणाऱ्या अशा घटनांचं काय करायचं ते आधी ठरवा, म्हणजे तुम्ही कशाचा अंदाज काढताय ते स्पष्ट होईल. रिगेनचे लेखक ‘आमची पट्टी चुकली’ म्हणण्याऐवजी ‘आम्ही एक प्रश्न विचारला आणि उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं हवं होतं’ असं म्हणाले असते, तर पेपर अजून प्रामाणिक झाला असता.

प्लासिबोचे २.३ गुण

आता बहुतेक जण ज्यावरून पुढे निघून जातात तो आकडा. प्लासिबो घेणारेही सरासरी २.३ गुणांनी सुधारले. एमजी-एडीएलमध्ये २ गुणांचा फरक रुग्णाला जाणवण्याजोगा मानतात. मग नुसत्या पाण्याने जाणवण्याजोगी सुधारणा?

हो, कारण या रुग्णांची आधीची औषधं सुरूच होती, त्रास जास्त असतानाच माणूस चाचणीत येतो आणि मग थोडं खाली येणं स्वाभाविक असतं, शिवाय वारंवार तपासणी आणि आशा यांचाही वाटा असतो. म्हणून तर प्लासिबो लागतो. ‘औषध घेतल्यावर ४.२ गुणांनी बरं वाटलं’ हे वाक्य अर्धसत्य आहे. औषधाच्या वाट्याचे त्यातले १.९.

पण लगेच उलट्या बाजूला पडू नका. ‘१.९ म्हणजे २ पेक्षा कमी, म्हणजे जाणवणारच नाही’, हीसुद्धा चूक आहे. २ गुणांचा निकष एका माणसाच्या बदलासाठी आहे, १.९ हा दोन गटांच्या सरासरीतला फरक आहे. सरासरी १.९ चा अर्थ काहींना पाच-सहा गुणांचा फायदा आणि काहींना काहीच नाही, असाही असू शकतो. मावशी सरासरी नाही. ती एक तर पहिल्यांत असेल, नाहीतर दुसऱ्यांत.

नंतरच्या चाचण्या याबाबतीत शहाण्या झालेल्या दिसतात. एफगार्टिजिमॉड हे दुसरं सलाईनमधून दिलं जाणारं औषध. ते अँटिबॉडींचं रक्तातलं आयुष्यच कमी करतं. २०२१ साली छापलेल्या त्याच्या ॲडॅप्ट चाचणीत मुख्य प्रश्न असा होता : पहिल्या आवर्तनात किमान २ गुणांची सुधारणा सलग किमान चार आठवडे किती जणांत टिकली? रिसेप्टर-अँटिबॉडी असलेल्या १२९ रुग्णांत औषधाने ६८ टक्के, प्लासिबोने ३० टक्के. हे उत्तर मावशीला एका वाक्यात सांगता येतं. (यातही प्लासिबोचे ३० टक्के नजरेआड करू नका.)

जे प्रश्न विचारलेच गेले नाहीत

रिगेनने औषधाची तुलना प्लासिबोशी केली, आयव्हीआयजीशी नाही. कायद्याने मंजुरीला तेवढं पुरतं. पण दवाखान्यातल्या डॉक्टरपुढे ‘हे की काहीच नाही’ असा पेच क्वचितच असतो. ‘हे की ते’ असाच असतो. तशी तुलना करता येते. आयव्हीआयजी आणि प्लाझ्मा एक्स्चेंज यांची समोरासमोर तुलना २०११ मध्ये ८४ रुग्णांवर झाली आणि दोन्ही साधारण सारखेच ठरले. अशी साधी, कंपनीला फारशी न परवडणारी आणि रुग्णाला मात्र फार उपयोगी चाचणी कमी का होते, याचा विचार तुम्ही करा.

दुसरा प्रश्न पैशाचा. २०१० मध्ये ‘फोर्ब्स’ने एक्युलिझुमॅबला जगातलं सर्वात महाग औषध म्हटलं होतं, वर्षाला ४,०९,५०० डॉलर, तेही एका वेगळ्या रक्ताच्या आजारासाठी, जिथे मात्रा यापेक्षा कमी लागते. पेपरमध्ये किंमत नसते, आणि चाचणीचा पेपर ती लिहिण्याची जागाही नव्हे. पण वाचणाऱ्याने ती डोक्यात ठेवावी. आपल्याकडे आयव्हीआयजीचे पाच दिवस जमवताना घरातलं सोनं मोडतं. तिथं ‘सरासरी १.९ गुण’ या आकड्याला वेगळंच वजन येतं.

तिसरा, सुरक्षेचा. चाचणीत मेनिंगोकॉकसची एकही लागण झाली नाही. बरं वाटलं. पण ६२ माणसं आणि २६ आठवडे यांत एखादा दुर्मिळ धोका न दिसणं म्हणजे तो नसणं नव्हे. वर पी-व्हॅल्यूबद्दल जे म्हटलं तेच इथं उलट्या बाजूने लागू होतं. सोयीचं असेल तिथं हा नियम आठवायचा आणि गैरसोयीचं असेल तिथं विसरायचा, असं करू नका.

पुढचा पेपर हातात घ्याल तेव्हा

१. मुख्य निकष काय होता आणि तो कुठल्या पद्धतीने मोजला, हे दोन वेगळे प्रश्न समजा. दोन्हींची उत्तरं लिहून काढा.
२. मधेच सोडून गेलेल्यांचं काय केलं, ते शोधा. बहुतेक वेळा गोष्ट तिथेच दडलेली असते.
३. पी-व्हॅल्यूच्या आधी विश्वास-पट्टा बघा. तो शून्याला किती घासून जातो, आणि दुसरं टोक कुठपर्यंत पोचतं?
४. प्लासिबो गटाची ओळ वेगळी वाचा.
५. लेखकांनी ‘मर्यादा’ म्हणून जे लिहिलंय, ते निकाल उलटा लागला असता तरी लिहिलं असतं का?
६. तुमचा निष्कर्ष एका वाक्यात लिहा, आणि ते वाक्य पेपरमधल्या कुठल्या आकड्यावर उभं आहे ते शेजारी लिहा. आकडा नसेल तर वाक्य खोडा.

सहावा मुद्दा मॅडमचा आहे. त्या दिवशी तो मला स्लाइडवरून शिकावा लागला.

पाटीवरचा तो रांगेचा हिशेब तुम्हीही करून बघा. एक्सेलमध्ये १२५ ओळी घ्या, मनाने गुण टाका, एकाला वरून खाली पाठवा आणि पी कसा हलतो ते पाहा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण यापुढे ०.०५ ला तुम्ही लक्ष्मणरेषा समजणार नाही.

आणि मावशी? दोन वर्षांनी मी तिला परत फोन केला. म्हटलं, “मावशी, तेव्हा मी चुकीचं सांगितलं होतं. ते औषध काही जणांना चांगलं लागू पडतं, काहींना नाही, आणि आधी कुणाला पडेल ते सांगता येत नाही. फार महाग आहे. लसही घ्यावी लागते. तुझ्या डॉक्टरांना विचार.” ती म्हणाली, “एवढं सगळं तेव्हाच सांगायचं की गं. मला कळलं असतं.”

तिला कळलंच असतं. मलाच तेव्हा कळलं नव्हतं.